खिडकीतल्या अठ्ठावीस बाहुल्या

मुलं तिला कातरबाई म्हणत. गळ्यात नाडीला बांधलेली एक बोथट कातर कायम लोंबत असायची, म्हणून. तोंडावर हे नाव कुणी घेत नसे, पण बावीस वर्षांत ते इतकं मुरलं होतं की एकदा एका मुलाच्या वडिलांनी रजेच्या अर्जावरच ‘आदरणीय कातरबाई यांस’ असं लिहून पाठवलं होतं. तो अर्ज तिने जपून ठेवला होता.

शाळा प्राथमिक, दुमजली, आणि तिचा हस्तकलेचा वर्ग तळमजल्यावर, अंगणाकडे सहा खिडक्या असलेला. डिंकाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास तिथे बारा महिने असायचा. शुक्रवारचे शेवटचे दोन तास तिने स्वतःहून मागून घेतले होते. त्या तासांना ती ‘दूरची माणसं’ म्हणायची. आधी गोष्ट, मग हातकाम. वाळवंटातल्या माणसांची गोष्ट झाली की काडेपेट्या आणि जुन्या स्वेटरच्या तुकड्यांचे तंबू. बर्फातल्या माणसांची झाली की साबणाच्या वडीतून कोरलेले मासे. पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर लोकरीचं विणकाम. तिसरीतली मुलं तोंडाचा आ करून ऐकायची आणि घरी जाऊन आईबापांचं डोकं खायची की आपण तंबूत का राहत नाही.

गोष्टी ती वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांतून आणि मासिकांतून गोळा करायची. वहीत नीट उतरवून घ्यायची. कुणाबद्दल उगीच काही सांगायचं नाही, असा तिचा बाणा होता, आणि तो तिने बावीस वर्षं पाळला. तेविसाव्या वर्षी एका शुक्रवारी तो मोडला.

त्याचं असं झालं. पालकसभा आठवड्यावर आली होती आणि मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, खिडक्यांत काहीतरी टांगलेलं हवं होतं. “नवीन काहीतरी करा. तंबू बघून बघून पालकांचे डोळे शिणले,” असं त्या जाता जाता म्हणाल्या. कातरबाईची वही संपली होती. पिशवीत चिंध्या आणि सुतळी तेवढी होती. चिंधी हातात धरली आणि तिला आईची बाहुली आठवली.

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. इस्पितळाच्या शिवणखोलीत फाटक्या चादरींना ठिगळं लावण्यात तिचा जन्म गेला. मूळची कुठली, हे घरात कुणी विचारत नसे. ‘लांबची’ एवढंच उत्तर असायचं आणि पुढे दार बंद. पण दर वर्षी उन्हाळा सरता सरता, एका ठरावीक दिवशी, ती चादरीच्या पट्ट्यांची वीतभर बाहुली बांधायची. तोंड नाही, डोळे नाहीत. कमरेला सुतळीचे तीन वेढे आणि एक उलटी गाठ, ती दातात धरून आवळलेली. ती मागच्या खोलीच्या खिडकीत टांगायची आणि खिडकीबाहेर तोंड करून लेकीच्या नावाने हाक मारायची.

लेक तिथेच, पाठीमागे जमिनीवर खेळत असायची. “ओ, मी इथेच आहे की,” म्हणायची. आई वळायची. तिच्याकडे बघायची, पण जरा खाली, जरा बाजूला, तिच्या शेजारी कुणी बुटकं उभं असावं तसं. मग बाहुली उतरवून ट्रंकेत ठेवायची. “हे काय गं?” विचारलं तर म्हणायची, “खेळणं आहे.” खेळायला मात्र कधी दिली नाही.

एका वर्षी, दहाएक वर्षांची असताना, लेक कशावरून तरी रुसली होती. तिने ओ दिलीच नाही. आईने तीनदा हाक मारली आणि मग खिडकीचे गज धरून उभी राहिली. दुपारची संध्याकाळ झाली. चूल पेटली नाही. शेवटी पोरीलाच भीती वाटली आणि तिने रडत ओ दिली, तेव्हा कुठे आईचे हात गजांवरून सुटले.

हे सगळं मुलांना कसं सांगणार? आणि आठवण म्हणजे काही माहिती नव्हे. मग तिने गोष्ट रचली. बेटांवर काही माणसं राहतात. मुलं मोठी होऊन होड्या घेऊन लांब जातात. तेव्हा आया खिडकीत बाहुली टांगतात, तिच्या पोटात मुलाचं नाव घालतात, म्हणजे त्यांना घर सापडतं. सांगताना तिचं तिलाच ते इतकं खरं वाटलं की आवाज जराही अडखळला नाही. नाव पोटात घालायचं, हे तिच्या तोंडून कसं निघालं ते तिला कळलं नाही. आईची बाहुली तिने कधी उघडून पाहिली नव्हती.

मुलं कामाला लागली. चिठ्ठीवर आपापलं नाव, चिठ्ठीची गुंडाळी, तिच्याभोवती चिंधी. तीन वेढे, साधी गाठ.

वर्गात एक मुलगी नवी होती. गाव पाण्याखाली गेल्यावर आजीबरोबर इकडे आलेली, मधल्या सत्रात दाखल झालेली. भाषा तिला येत होती, पण ती बोलायची इतकं कमी की मुलांनी तिचं नाव गप्पू ठेवलं होतं. कातरबाई बाकांमधून फिरत तिच्यापाशी आली आणि थबकली. गप्पूची बाहुली बांधून झाली होती. उलटी गाठ होती, आणि सुतळीचं टोक अजून दातांत होतं.

“ही गाठ तुला कुणी शिकवली?”

“आजीने.”

“चिठ्ठी घातलीस?”

गप्पूने मान हलवली. “माझं नाव नाही घालायचं.”

“का गं?”

“मी आहे ना,” गप्पू म्हणाली.

तेवढ्यात घंटा झाली, मुलं दप्तरं घेऊन पळाली. गप्पूची बाहुली बाकावर राहिली. सत्तावीस नावांच्या आणि एक बिननावाची, हे तिच्या टापटिपीत बसेना. ‘लाजली असेल पोर,’ असं मनाशी म्हणत तिने एका चिठ्ठीवर गप्पूचं खरं नाव लिहिलं आणि चिंधीच्या घडीतून आत सारलं. मान वर केली तर दारात गप्पू उभी होती. पाण्याची बाटली विसरली होती, ती न्यायला आलेली. बाटली न घेताच ती गेली.

सोमवारी गप्पू आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. अठ्ठावीस बाहुल्या सहा खिडक्यांत वाऱ्याने हलत होत्या. येणारेजाणारे शिक्षक कौतुक करत होते. कातरबाईला मात्र वर्गात पाठ खिडक्यांकडे करवेना. फळ्यावर लिहितानाही ती वाकडी उभी राहायची.

गुरुवारी दुपारी शिपाईमामा दारात आले. “बाई, कुणी म्हातारी आलीय. आत या म्हटलं तर येत नाही. नुसती खिडक्यांकडे बघत उभी आहे. मला काही लक्षण ठीक दिसत नाही.”

ती गप्पूची आजी होती. नाक्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायची आणि वरच्या खोलीत राहायची. उंच, कृश, मनगटांवर इस्त्रीचे जुने चटके. कातरबाई अंगणात गेली तरी तिने नजर खिडक्यांवरून काढली नाही. ओठ हलत होते. मोजत होती.

“बाई,” ती शेवटी म्हणाली, शब्द एकेक वेचून, “इथे काय झालं होतं?”

“म्हणजे?”

“एवढी मुलं. आग लागली होती का? की पाणी?”

“कुणालाच काही झालं नाही, आजी. ही माझ्या वर्गातली मुलं. आत्ता वरच्या मजल्यावर पाढे म्हणतायत.”

वरून खरोखरच बाराच्या पाढ्याचा आवाज येत होता. आजीने तो ऐकला. तिने पायरी चाचपली आणि खाली बसली. बराच वेळ तळव्याने गुडघे चोळत राहिली. मग म्हणाली, “आमच्यात ही बाहुली जिवंत माणसाची करत नाहीत. जे पाण्यात गेलं आणि सापडलं नाही, त्याची करतात. वर्षातून एक दिवस टांगायची, बाहेर बघून हाक मारायची. तीन वेळा. बहुतेक कुणी ओ देत नाही. मग ती तशीच राहू द्यायची, पुढच्या वर्षीपर्यंत.”

“आणि कुणी ओ दिली तर?”

“तर उतरवायची. आलं, म्हणायचं. पण असं होत नाही, बाई. पाण्यात गेलेलं कोण ओ देतं?” तिने पुन्हा खिडक्यांकडे पाहिलं. “माझी नात चार दिवस पांघरुणातून बाहेर येत नाही. म्हणते, बाईंनी मला आत घातलंय. त्यासाठी आले.”

कातरबाईने माफी मागितली, पण ती मागतानाही तिचं मन भलतीकडेच होतं. “माझी आई अशी बाहुली करायची,” ती म्हणाली.

आजीने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. “हाक कुणाला मारायची?”

“मला.”

“तुला?”

“माझ्या नावाने. आणि मी ओ द्यायची. मागे बसलेली असायची मी.”

उठताना आजीने कातरबाईच्या खांद्याचा आधार घेतला आणि हात जरा जास्त वेळ तिथे ठेवला.

घरी वडील होते. त्यांना ती अण्णा म्हणायची. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, आता चौऱ्याऐंशीचा, खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा. तिने चपलाही नीट काढल्या नाहीत. मागच्या खोलीत जाऊन ट्रंक ओढली. वर आईच्या साड्या, खाली इस्पितळाच्या चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं. त्यात बाहुल्या. तिने एकेक जमिनीवर मांडली. अठरा भरल्या, आणि एकोणिसावी उन्हाने अगदी विटून पिवळी पडलेली.

पहिलीची गाठ सोडवायला तिला पाव तास लागला. आतली चिठ्ठी मऊ पडली होती. तिच्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. दुसरीतही तेच. तिसरीतही तेच. पुढच्या तिने उघडल्या नाहीत. अक्षर आईचं नव्हतं. आईला ही लिपी लिहिता येत नसे. बारीक, उभं, घड्याळाच्या पावत्यांवर असायचं तसलं ते अक्षर अण्णांचं होतं.

ती चिठ्ठी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

अण्णांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “सापडलं तर,” ते म्हणाले.

“मी कधी पाण्यात गेले होते, अण्णा?”

“तू नाही.”

“मग?”

“मला भेटायच्या आधी तिला एक मुलगी होती. रात्रीतून पाणी चढलं, सगळे होडीत बसले. होडी उलटली. तुझी आई एका फळीला धरून राहिली. एका हाताने फळी, एका हाताने पोर.” त्यांनी स्वतःच्या दोन हातांकडे पाहिलं. “सकाळी एकच हात भरलेला होता, म्हणायची. तो फळीचा.”

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“आणि तिचं नाव मला ठेवलं.”

“मी म्हटलं, दुसरं ठेवू. मी दहा नावं काढली. म्हणाली, हेच. म्हणाली, हे नाव घेऊन कुणीतरी ओ द्यायला पाहिजे.”

“आणि तुम्ही चिठ्ठ्या लिहून देत राहिलात. अठरा वर्षं.”

“मग काय करणार होतो? ती मागायची, मी लिहायचो. वाटायचं, पुढच्या वर्षी मागणार नाही.” त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. “तू शिकायला बाहेर राहिलीस त्या वर्षी ओ द्यायला घरात कुणी नव्हतं. मी देणार होतो. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. ती एकोणिसावी मग तिने उतरवलीच नाही. परत कधी नवी केली नाही. ती गेल्यावर मी काढली.”

कातरबाईला ती आठवत होती. कितीतरी वर्षं मागच्या खिडकीत काहीतरी लोंबत होतं आणि तिला वाटायचं, आई काढायला विसरली.

त्या संध्याकाळपासून ती जेवायची-खायची, शाळेत जायची, पण तिचं लक्ष धड नसायचं. रस्त्यात कुणी तिच्या नावाने हाक मारली तर ती आधी मागे बघायची. आरशात भांग पाडताना कमरेच्या उंचीवर, आपल्या शेजारी, नजर जायची. आई जिथे बघायची तिथेच. आपण पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी जागेवर बसलो आहोत आणि जिची ती जागा, ती आपल्याला उठवतही नाही, असं तिला वाटायचं. राग कुणाचा करावा तेही कळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. शिपाईमामांकडून त्यांच्या कानावर गेलं होतं. “कापा आणि टाकून द्या,” त्या म्हणाल्या. “पालकांना कळलं तर माझ्या नाकी नऊ येतील.”

“कापायच्या नाहीत.”

“का? तुमच्या गळ्यात कातर आहे की.”

“माझ्याकडून चूक झालीय. ती निस्तरायची गप्पूच्या लोकांची एक रीत आहे. मी आजींना बोलावलंय.”

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाल्या नाहीत. पालकसभा एका आठवड्याने पुढे ढकलली.

दुपारी वर्गात तिने कातर काढून कपाटात ठेवली आणि मुलांसमोर उभी राहिली. “बेटांवरच्या माणसांची गोष्ट मी मनाने रचली होती,” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली.”

पहिल्या बाकावरच्या पोराने विचारलं, “म्हणजे तुम्ही थाप मारलीत?”

“हो.”

“मग कोपऱ्यात उभं राहायचं असतं. पन्नासपर्यंत.”

नियम तिचाच होता. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि अख्ख्या वर्गाने पन्नासपर्यंत मोजलं. चाळीसनंतर मुलांनी घाई केली, बहुधा दयेने.

मग खरी गोष्ट आजीने सांगितली, खुर्चीवर बसून, फार काही न रंगवता. मुलं हलली नाहीत. त्यानंतर आजी अंगणात जाऊन उभी राहिली आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारू लागली. ज्याचं नाव, त्याने खिडकीशी यायचं, “ओ” म्हणायचं, आपली बाहुली आपल्या हाताने सोडायची आणि चिठ्ठी खिशात घालायची. पहिली दोन मुलं हसली. तिसऱ्यापासून कुणी हसलं नाही. एका मुलाला गालगुंड झालं होतं, तो घरी होता. त्याची बाहुली घेऊन आजी आणि शिपाईमामा दोन गल्ल्या चालून गेले आणि त्याच्या खिडकीखाली उभे राहिले. त्याची ओ सुजलेल्या गालातून, गरम फडक्याआडून आली. आजीने ती चालवून घेतली.

शेवटी एकच बाहुली उरली. आजीने गप्पूला हाताला धरून आणलं होतं, पण ती दाराच्या आत यायला तयार नव्हती.

“ज्याने आत घातलं त्याने काढायचं,” आजी कातरबाईला म्हणाली.

सुतळी आवळलेली, गाठ उलटी. नखं लागेनात. कातरबाईने बाहुली तोंडाशी नेली आणि गाठ दातात धरली. चिंधीचा, डिंकाचा, धुळीचा वास तिच्या नाकात गेला. गाठ हलली. आजीने अंगणातून नातीचं नाव घेतलं. एकदा. दोनदा. वर्गातली सव्वीस तोंडं दाराकडे वळली होती. तिसऱ्या हाकेला गप्पूने ओ दिली, इतकी मोठी की वरच्या मजल्यावरचा पाढा मध्येच थांबला.

मुलं गेल्यावर दोघी रिकाम्या खिडक्यांपाशी बसल्या. कातरबाईने ट्रंकेतल्या बाहुल्यांचं सगळं सांगितलं. आजी म्हणाली, “अठरांना ओ मिळाली. त्या मोकळ्या.”

“पण ओ माझी होती.”

“ते तुझ्या आईला ठाऊक नव्हतं, असं तुला वाटतं?”

“आणि एकोणिसावी?”

“ते मला विचारू नकोस. आमच्यातही त्याचं एकाचं एक मत, दुसऱ्याचं दुसरं. माझी स्वतःचीही एक टांगलेली आहे.” ती कुणाची, हे तिने सांगितलं नाही आणि कातरबाईने विचारलं नाही.

पुढे आजी दर शुक्रवारी यायला लागली. लव्हाळ्याच्या होड्या, माशांची जाळी, होडीत बसल्यावर मोजायचे त्यांचे वेगळे आकडे, असं बरंच काही तिने मुलांना शिकवलं. कातरबाई मागच्या बाकावर बसून शिकायची. वर्ष संपताना लाँड्री बंद पडली आणि आजी-नात दुसऱ्या शहरात गेल्या. गप्पूचं एक पत्र आलं, त्यात नव्या शाळेची तक्रारच जास्त होती.

एकोणिसावी बाहुली कातरबाईने टांगली नाही, सोडवलीही नाही. ती ट्रंकेतच आहे. पण अण्णांनी आतून हाक मारली की आता ती लगेच ओ देत नाही. क्षणभर थांबते. आधी दुसरीला संधी द्यावी तशी. अण्णांनाही ते कळतं. ते पुन्हा हाक मारत नाहीत, वाट बघतात.

एका संध्याकाळी तिने त्यांना विचारलं, “आई तिच्याबद्दल आणखी काही बोलली होती?”

अण्णांनी खूप आठवून पाहिलं. “चार वर्षांची होती,” ते म्हणाले. “डावखुरी होती. आणि तिला पाण्याची भीती म्हणून वाटायची नाही. काठावर बसून पाण्याशी गप्पा मारायची. तेवढंच.”

“पाण्याशी काय बोलायची?”

“ते मी विचारलं होतं एकदा,” अण्णा म्हणाले. “तुझी आई उठून आत गेली.”